सेवेचा करारनामा

वैद्यकी शिकवणारी शाळा असते, वकिली शिकवणारी असते, गवंडीकाम आणि शिवणकाम शिकवणाऱ्याही असतात. वैद्यकी शिकलेला माणूस पुढे किराणा दुकान काढून बसला तर चार माणसे हळहळतील. पण त्याने कोणाला फसवले असे कोणी म्हणणार नाही. शिक्षण त्याचे, आयुष्य त्याचे. आता अशी एक शाळा डोळ्यांपुढे आणा, की जिथे लोकांचे भले कसे करावे एवढेच शिकवतात, आणि तेही दुसऱ्याच्या पैशाने. तिथून बाहेर पडलेल्या माणसाने प्रथम स्वतःचे भले करायला घेतले तर? त्याने कोणाचे काही बुडवले की नाही? आणि बुडवले असेल तर ते वसूल कोणी करायचे?

हा प्रश्न दिवाळीच्या फराळाबरोबर तोंडी लावायला मी मनाने रचलेला नाही. अमेरिकेत तो सहा वर्षांहून अधिक काळ कोर्टात लोंबकळत होता, आणि त्याच्यापायी कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे झाले. खटला ज्या शाळेवरून झाला ती न्यू जर्सी राज्यातल्या प्रिन्स्टन विद्यापीठातली. तिचे नाव मराठीत आणायचे तर ‘सार्वजनिक व आंतरराष्ट्रीय व्यवहारांची शाळा’ असे आणावे लागेल. शाळा म्हटले तरी आपल्यासारखी छडीची आणि हजेरीची नव्हे. पदवी घेतलेली, बहुधा चार-दोन वर्षे कुठे तरी काम केलेली माणसे तिथे पुन्हा बाकावर येऊन बसतात.

आमच्या आळीतल्या एका मुलीने असल्याच एका परदेशी शाळेत जायचे ठरवले, तेव्हा तिच्या आजीने मला बोलावून विचारले, “गुरुजी, हे शिकून ही मामलेदार होणार का?” मी म्हटले, “तसे नाही, आजी.” “मग पुढारी?” “तसेही नाही.” आजींनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, “मग एवढा खर्च कशापायी?” विद्यापीठाची पायरी मी स्वतः चढलेलो नाही, मॅट्रिकनंतर माझे जे काही शिक्षण झाले ते मुलांना शिकवता शिकवता झाले. तरी आजींना उत्तर द्यायचे म्हणून या शाळांत चालते तरी काय, ते मी जमेल तेवढे वाचून काढले.

प्रिन्स्टनचा मुख्य अभ्यासक्रम दोन वर्षांचा. लोकव्यवहारातली ‘मास्टर’ ही पदवी मिळते. बरीच वर्षे नोकरी केलेल्यांसाठी एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आहे, आणि संशोधन करणाऱ्यांसाठी डॉक्टरेट आहेच. शिकवतात ते अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, राजकारण, आणि माणसे निर्णय कसे घेतात याचे थोडे मानसशास्त्र. पुढे कोणी परराष्ट्रसंबंधांकडे वळतो, कोणी गरीब देशांच्या विकासाकडे, कोणी घरच्या प्रश्नांकडे. मला सर्वांत आवडली ती त्यांची कार्यशाळा. आठ-दहा विद्यार्थ्यांचा गट करायचा, त्यांच्यापुढे एक खराखुरा प्रश्न ठेवायचा, आणि तोही अशा संस्थेचा की जिला उत्तराची खरोखर गरज आहे. मुलांनी त्या जागी जायचे, माणसांना भेटायचे, कागदपत्रे चाळायची, आणि परत येऊन अहवाल लिहायचा. त्यातही थोडक्यात लिहायला शिकवतात. मंत्र्याला वेळ नसतो. त्याच्यासाठी दोन पानांत सारे बसले पाहिजे. आमच्या निबंधाच्या वह्या तपासताना मला ह्या एका गोष्टीचा फार हेवा वाटतो.

आणि खर्चाचे म्हणाल, आजी, तर प्रिन्स्टनमध्ये ह्या दोन वर्षांची फी विद्यार्थ्याला भरावी लागत नाही. शाळाच ती सोसते. तंट्याचे मूळ तिथेच आहे.

शाळा निघाली १९३० साली. १९४८ साली तिथे हे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, आणि त्याच वर्षी शाळेला वुड्रो विल्सन यांचे नाव मिळाले. हे विल्सन पहिल्या महायुद्धाच्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून आपल्याला ठाऊक. पण त्याआधी १९०२ ते १९१० ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख होते, आणि त्याच्याही आधी एक तरुण प्राध्यापक होते. त्यांनी १८८७ साली राज्यकारभाराच्या अभ्यासावर एक लेख लिहिला. राज्य कोणी करावे हा एक प्रश्न आणि कारभार नीट कसा चालवावा हा दुसरा; दुसऱ्याचेही शास्त्र होऊ शकते आणि ते शिकवता येते, असा त्या लेखाचा आशय. लोकप्रशासन नावाच्या विषयाचा उगम पुष्कळजण तिथे दाखवतात. पुढे १८९६ साली, कॉलेजला दीडशे वर्षे झाली त्या समारंभात, त्यांनी ‘राष्ट्राच्या सेवेत प्रिन्स्टन’ अशा नावाचे भाषण केले. ते शब्द विद्यापीठाने पुढे आपले बिरुदच करून घेतले.

ही विद्या आपल्याकडेही लवकरच पोचली. सिरॅक्यूज विद्यापीठात १९२४ साली निघालेली मॅक्सवेल शाळा ह्याच जातीची. तिचे डीन पॉल ॲपलबी यांना आपल्या सरकारने बोलावून घेतले. त्यांनी हिंदुस्थानच्या कारभाराची पाहणी करून १९५३ साली अहवाल दिला, आणि त्यातून १९५४ साली दिल्लीला लोकप्रशासनाची संस्था उभी राहिली. असो. तो वेगळा विषय आहे.

आता पैशाची गोष्ट.

चार्ल्स रॉबर्टसन हे प्रिन्स्टनचे १९२६ सालचे पदवीधर. त्यांच्या पत्नी मारी ह्या ‘ए अँड पी’ ह्या अमेरिकाभर पसरलेल्या किराणा दुकानांच्या मालक घराण्यातल्या. १९६१ साली, म्हणजे केनेडी अध्यक्ष झाले त्या वर्षी, या जोडप्याने ह्या शाळेच्या पदव्युत्तर विभागासाठी साडेतीन कोटी डॉलर किमतीचे शेअर देऊन टाकले. नाव मात्र गुप्त ठेवले. देणारे कोण ते जगाला बारा वर्षांनी कळले. पैशाबरोबर उद्देशही लिहून दिला होता: सरकारी सेवेत, विशेषतः परराष्ट्रव्यवहाराच्या कामात जाणारी माणसे तयार व्हावीत. त्या पैशातून शाळा वाढली. १९६६ साली यामासाकी नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेली, पांढऱ्या खांबांची इमारत उभी राहिली. तिच्या उद्घाटनाला अध्यक्ष जॉन्सन जातीने आले. पुढे त्या इमारतीला रॉबर्टसनांचे नाव मिळाले.

वर्षे गेली, दाते गेले, पैसे कितीतरी पटींनी वाढले. २००२ साली दात्यांची मुले कोर्टात उभी राहिली. त्यांचे म्हणणे सरळ होते. आईवडिलांनी पैसे दिले ते सरकारला माणसे मिळावीत म्हणून. तुमचे विद्यार्थी मोजून पाहा, त्यांतले सरकारच्या परराष्ट्रखात्यात आणि तत्सम कामात गेले किती? फारच थोडे. बाकीचे गेले संस्थांत, विद्यापीठांत, काही तर खाजगी धंद्यात. तेव्हा हा न्यासाचा भंग आहे. विद्यापीठाचे उत्तरही तितकेच सरळ होते. लोकसेवा काय फक्त सरकारी कचेरीतच होते? संयुक्त राष्ट्रसंघात, धर्मादाय दवाखान्यांत, दुष्काळात काम करणाऱ्या मंडळींत होत नाही? शिवाय मुले स्वतंत्र माणसे आहेत. त्यांना आम्ही शिकवू शकतो, हाकू शकत नाही.

न्यायाधीशांना निकाल द्यावाच लागला नाही. २००८ च्या डिसेंबरात तडजोड झाली. मूळ निधी विद्यापीठाकडे राहिला. विद्यापीठाने वादींच्या खर्चापोटी चार कोटी डॉलर द्यायचे, आणि आणखी पाच कोटी डॉलर सरकारी सेवेसाठी माणसे घडवणाऱ्या एका नव्या न्यासाला द्यायचे, असे ठरले. वकिलांचा खर्चच चार कोटी! मूळ देणगी साडेतीन कोटींची होती, हे वाचक विसरले नसतील. त्या नव्या न्यासाने मग एक गोष्ट केली. तो निरनिराळ्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, पण पदवीनंतर काही वर्षे अमेरिकन सरकारची नोकरी करण्याची अट घालून. प्रिन्स्टननेही, खटला चालू असतानाच, २००६ साली एक योजना काढली होती. तिच्यातल्या विद्यार्थ्याला शिक्षणाच्या मध्येच दोन वर्षे सरकारी खात्यात काढावी लागतात.

म्हणजे भरवशाच्या जागी करारनामा आला.

मला ह्या खटल्यात दोन्ही पक्ष खरे वाटतात, आणि म्हणूनच तो मनातून जात नाही. आपल्याकडे ऋणाची कल्पना फार जुनी. देवांचे ऋण, पितरांचे ऋण, ऋषींचे ऋण घेऊनच माणूस जन्माला येतो असे आपण मानत आलो. पण त्यातले ऋषिऋण पाहा. ते फेडायचे ते ऋषीला जाऊन काही देऊन नव्हे. स्वतः शिकून आणि पुढच्याला शिकवून फेडायचे. घेतले एकाकडून, दिले दुसऱ्याला. ह्या हिशेबाने प्रिन्स्टनचा एखादा मुलगा परराष्ट्रखात्यात न जाता कुठल्याशा गावात पाणीपुरवठ्याचे काम करीत राहिला, तर तो उतराई झाला. पण हाच हिशेब घेऊन एखादा म्हणेल, “मी पेढीवर बसलो, पण कर भरतो ना, तीही लोकसेवाच!” तेव्हा काय म्हणायचे? ऋणाची व्याख्या सैल केली की ती कोणालाही अंगाला येते.

आपल्या पुण्यात ह्या प्रश्नाची एक निराळी तऱ्हा होऊन गेली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचा संकल्प करीत. गोखल्यांनी तो पाळला आणि १९०२ साली ते फर्ग्युसनमधून मोकळे झाले. मग १९०५ च्या १२ जूनला त्यांनी भारत सेवक समाज काढला. नव्या सदस्याने पाच वर्षे अभ्यास आणि प्रवास करायचा, संस्था देईल तेवढ्यात घर चालवायचे, आणि देशाचे काम हेच पोटापाण्याचे काम मानायचे. मला वाटते, लोकव्यवहाराची आपल्याकडची पहिली शाळा म्हणायची ती हीच. तिथेही प्रतिज्ञा होत्या, पण त्या ज्याच्या त्याने आपण होऊन घेतलेल्या. व्रत आणि करार यांत हा फरक आहे. व्रत मोडले तर माणूस स्वतःशी तोंड लपवतो. करार मोडला तर दंड भरून मोकळा होतो. सरकारी कॉलेजात डॉक्टर झालेली मुले बंधपत्राप्रमाणे खेड्यातल्या सेवेला जातात, आणि काहीजण दंडाची रक्कम भरून सुटतात, हे आपण पाहतोच. दंड भरणाऱ्याला आपण कर्ज बुडवले असे वाटत नाही. त्याच्या लेखी ते फिटलेले असते.

पण व्रतालाही मर्यादा आहेत. १९१५ साली गोखले गेल्यावर गांधीजींनी ह्याच भारत सेवक समाजात यावे की नाही, याविषयी सदस्यांत एकमत होईना. तेव्हा गांधीजींनी आपला अर्ज स्वतःच मागे घेतला. सेवक घडवण्याच्या संस्थेत तो माणूस मावला नाही. संस्थेला दोष द्यायचा नाही मला. पण चौकट कितीही चांगली असली तरी तिची मापे आधी घेतलेली असतात.

आता ज्या करारनाम्यासाठी मी हे सारे लिहायला बसलो, तिकडे वळतो. करार मोडणारा तो विद्यार्थी, असे धरूनच आपण इथवर आलो. त्याची दुसरी बाजू पाहायची तर १९१३ सालात गेले पाहिजे.

त्या वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका बावीस वर्षांच्या पदवीधर तरुणाला अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. अट अशी, की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. तरुणाने सही केली, आणि जुलैत तो न्यूयॉर्कला पोचला. भीमराव आंबेडकर हे नाव सांगायची गरज नाही. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र मुख्य धरून राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास असा अभ्यास केला, आणि १९१५ साली एम. ए. झाले. आजच्या लोकव्यवहाराच्या शाळांतून जे शिकवतात, ते जवळजवळ सारे त्यांनी शिकून घेतले होते असे म्हटले तर चालेल.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, त्याच १९१३ च्या मार्चमध्ये वुड्रो विल्सन अमेरिकेचे अध्यक्ष झाले होते. कारभाराचे शास्त्र शिकवता येते असे म्हणणारा माणूस आता खुद्द कारभाराच्या खुर्चीवर होता. त्यांच्या कारकीर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काय झाले? टपालखाते, खजिना अशा खात्यांतून काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळे बसवायला सुरुवात झाली. जेवायच्या जागा वेगळ्या, शौचकूप वेगळे, मध्ये पडदे. पुढच्या वर्षी नोकरीच्या अर्जाला फोटो जोडणे सक्तीचे झाले. म्हणजे परीक्षेत पहिला आलेल्याचाही रंग आधी दिसावा. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे थोर काळे विद्वान. त्यांनी निवडणुकीत विल्सनना पाठिंबा दिला होता. त्यांनी १९१३ सालीच अध्यक्षांना उघडे पत्र लिहिले. त्यात एका कारकुनाची हकिकत आहे. त्याचे कामच असे होते की त्याला दुसऱ्या खोलीत हलवता येईना. तेव्हा बरोबरीने वर्षानुवर्षे काम केलेल्या गोऱ्या सोबत्यांपासून तोडण्यासाठी त्याच्याभोवती पिंजरा उभारण्यात आला.

तो कारकून चांगले काम करीत होता की वाईट, हा प्रश्नच तिथे उरला नव्हता.

चार वर्षांनी, १९१७ साली, आंबेडकर करार पाळायला बडोद्याला आले. हे लक्षात घेतले पाहिजे: ते आले. मुंबईत राहून दुसरे काही शोधता आले असते, पण शब्द दिला होता. महाराजांनी त्यांना लष्करी सचिवाच्या कचेरीत नेमले. पुढे काय झाले ते मराठी वाचकाने अनेकदा वाचलेले असते; पण करारनामा म्हणून ते पुन्हा एकदा वाचावे. शिपाई हाताला हात लागू नये म्हणून फायली लांबून टेबलावर टाकीत. कचेरीत प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी उतारशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला बजावून गेली. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले.

दहा वर्षांचा करार, आणि नोकरी भरली थोड्या दिवसांची. कागदावर पाहिले तर करार कोणी मोडला? सही करणाऱ्यानेच. रॉबर्टसनांच्या वकिलाच्या हिशेबात हा विद्यार्थी ‘सेवेत न गेलेला’ म्हणून मोजला जाईल!

यावर आपल्याकडे एक उत्तर तयार असते. ते असे, की बडोद्याचे ऋण त्यांनी देशाची राज्यघटना लिहून व्याजासकट फेडले. शाळेत चौदा एप्रिलला होणाऱ्या भाषणांतून मी हे वाक्य दर वर्षी ऐकतो. वाक्य खोटे नाही, पण मला ते ऐकवत नाही. कारण त्यात हाकलून देणाऱ्यांची मोठी सोय आहे. जणू बागेत काढलेले ते तास पुढच्या थोरवीसाठी आवश्यकच होते; जणू काठ्या घेऊन आलेल्यांनी इतिहासाला हातभारच लावला. त्यांच्या जागी ज्याला घटना लिहायला कधीच मिळाली नाही असा एखादा साधा, हुशार, फायली नीट लिहिणारा माणूस असता तर? वॉशिंग्टनच्या त्या पिंजऱ्यातल्या कारकुनाचे नावही आपल्याला ठाऊक नाही. त्याचे व्याज कोणी भरले?

माझे म्हणणे एवढेच आहे, की सेवेच्या करारात देणेकरी एकच धरणे हा चुकीचा जमाखर्च आहे. एखाद्याला लोकांच्या पैशाने लोकांच्या कामासाठी शिकवले, म्हणजे त्याच्यावर ऋण झाले हे मान्य. पण त्याच घटकेला शिकवणाऱ्यावरही एक ऋण होते: तो परत येईल तेव्हा त्याला ते काम करू देण्याचे. बसायला टेबल, प्यायला पाणी, निजायला खोली. ही कलमे कोणी करारात लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला ती गृहीतच असतात. सयाजीराव महाराज मनाने मोठे होते, यात मला शंका नाही. पण महाराजांची इच्छा कचेरीच्या उंबरठ्यापर्यंत चालली, आत शिपायाची चालली.

प्रिन्स्टनला विल्सनांच्या वारशाचा विचार करायला बराच काळ लागला. २०१५ साली विद्यार्थ्यांनी विद्यापीठप्रमुखांच्या कचेरीत ठाण मांडले. २०१९ साली शाळेसमोरच्या चौकात वॉल्टर हूड यांचे एकोणचाळीस फुटी शिल्प उभे राहिले. एकमेकांना टेकलेले काळे-पांढरे स्तंभ, त्यांवर विल्सनांचीही वाक्ये आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांचीही. २०२० च्या जूनमध्ये विश्वस्तांनी शाळेचे नाव बदलून विल्सनांचे नाव काढून टाकले. नाव काढावे की ठेवावे, यावर तिकडे पुष्कळ वाद झाला. मला नावापेक्षा ते शिल्प अधिक पटते. लोकांचा कारभार शिकायला येणाऱ्या मुलाने रोज सकाळी वर्गात शिरताना दोन्ही वाचावे.

आणि शिकून झाल्यावर दार उघडे असेलच असे तिथेही नाही. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मुलांना अमेरिकन सरकारच्या कामात थेट घेणारी एक योजना अध्यक्ष कार्टर यांनी १९७७ साली सुरू केली होती. ह्या शाळांतली कितीतरी मुले तिच्यावर डोळा ठेवून अभ्यास करीत. २०२५ च्या फेब्रुवारीत अध्यक्षांच्या एका आदेशाने ती बंद झाली. परदेशांना मदत पोचवणारे त्यांचे खातेही त्याच वर्षी मिटले, आणि तिथे वर्षानुवर्षे काम केलेली माणसे घरी बसली. सरकार आपले, धोरण आपले. ते बदलण्याचा अधिकार निवडून आलेल्यांना आहे, हे मी मान्य करतो. पण ज्या मुलांनी सेवेच्या अटीवर शिष्यवृत्ती घेतली त्यांनी आता कोणत्या दारावर उभे राहायचे? १९६१ साली रॉबर्टसन दांपत्याला काळजी होती ती मुले सरकारकडे पाठ फिरवतील याची. सरकारच मुलांकडे पाठ फिरवील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावे.

बडोद्याच्या हकिकतीत एक भाग असा आहे की ज्यावरून लोक भराभर पुढे जातात. उतारशाळेतून निघायला सांगितल्यावर आंबेडकरांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, दुसरे ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने सांगितले, पत्नीला विचारायला हवे. आणि तिला ते रुचणार नाही हे पुढे कळले. ह्या दोघांत कोणी दुष्ट नव्हते. काठ्या त्यांच्या हातात नव्हत्या. दोघेही कदाचित आंबेडकरांच्या विद्वत्तेचे कौतुक करीत असतील. पण दहा वर्षांचा तो करार मोडला तो माझ्या मते कचेरीत नव्हे, ह्या दोन घरांच्या ओसरीवर. सार्वजनिक व्यवहार म्हणून ज्याला आपण कचेरीत आणि विधानसभेत शोधतो, तो पुष्कळदा एखाद्या घराच्या वरच्या रिकाम्या खोलीत अडून बसलेला असतो. प्रिन्स्टनच्या अभ्यासक्रमात घरभाडे हा विषय अर्थशास्त्रात येत असेल. तो नीतिशास्त्रातही घालायला हरकत नाही.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत एक नवी शिक्षिका आली. परीक्षा देऊन, गुणवत्ता यादीत येऊन, सरकारी भरतीतून नेमणूक झालेली. गणित आणि विज्ञान शिकवते, आणि चांगले शिकवते. नववीची मुले तिच्या तासाला घंटा झाली तरी उठत नाहीत. जागा शोधायला मी तिच्याबरोबर चार घरे फिरलो. पहिल्या घरी चहा झाला, पगाराची चौकशी झाली, मग “आडनाव काय म्हणालात?” असे झाले, आणि मग त्यांच्या पुतण्याला ती खोली लागणार असल्याचे आठवले. दुसऱ्या घरी देवघर खोलीला लागून होते. तिसऱ्या घरच्या बाई फार गोड बोलल्या. त्यांच्या सासूबाईंचे जुने वळण आड आले. चौथ्या घरी तिने आडनाव आधीच सांगून टाकले, म्हणजे चहाचा वेळ वाचला.

आता ती तिच्या गावाहून रोज एस.टी.ने ये-जा करते. जाऊन-येऊन अठ्ठावन्न किलोमीटर होतात. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की गाडी अलीकडेच थांबते आणि पहिला तास चुकतो. त्या दिवशी मस्टरवर तिच्या नावापुढे लेट मार्क पडतो.